गव्हाच्या डब्यातलं पत्र

विद्याधर केळुसकरांनी बावीस कादंबऱ्यांत वाचकाला कधी तोंड उघडू दिलं नव्हतं. वाचकाने टाइप करत पुढे न्यायचा त्यांचा हा पहिलाच गेम, आणि पहिली वाचक नेहमीप्रमाणे त्यांची थोरली बहीण, कुमुदताई.

गेममध्ये पोस्टमन दार वाजवतो. दार उघडायचं की नाही, एवढे दोनच रस्ते त्यांनी लिहिले होते, कादंबरीकाराची सवय! लेखकाने न लिहिलेले रस्ते गेमचं यंत्र त्याच्याच आठवणींतून भरतं, ही अट न वाचताच त्यांनी डोक्याला यंत्राची आठवणी वाचणारी पट्टी लावून घेतली होती.

ताईने टाइप केलं, ‘पत्र कुठे आहे?’

उत्तर आलं, ‘भावाने पोचा पडलेल्या झाकणाच्या गव्हाच्या डब्यात लपवलं. ताई नोकरीला नागपूरला गेली, तर आईचं कोण करणार?’

“तीस वर्षं सांगत आलास, नेमणुकीचं पत्र आलंच नाही म्हणून!” ताई कडाडली.

“अगं ताई, गोष्ट आहे ती...”

“गोष्ट? डब्याच्या झाकणाचा पोचासुद्धा आहे त्यात! आईचं मी केलं, तू लिहीत बसलास.”

“मला रोज वाईट वाटतं गं.”

“थांब, यंत्रालाच विचारते.”

तिने टाइप केलं, ‘भावाला कधी वाईट वाटलं?’

यंत्राने बराच वेळ शोधलं. मग पडद्यावर उमटलं, ‘अशी आठवण सापडली नाही.’