वयाचा रकाना

"वय?" शबनम सिस्टरनं विचारलं आणि पेन रकान्यावर टेकवलं.

"आठरा पुरी," आईनंच उत्तर दिलं. ही भावना, उरणकडची कोळीण. आजचा मासळीबाजार बुडवून मुलीला घेऊन पनवेलच्या सरकारी दवाखान्यात आली होती. मुलगी समृद्धी शेजारच्या स्टुलावर, मांडीवर ओढणी घट्ट धरून. तिसरा महिना. "लगीन ठरलंय, बाय. कल्पेश आमचा ओळखीपाळखीतलाच पोरगा हाय. एकवीसचा झालाय, बंदरात कामाला हाय. मांडवाला आता अडीच महिनं. पोरांचं चुकलं, पन आमी काय तोंड लपवनारे नाय. नाव लिवा नि गोल्या द्या, बस."

शबनमनं आधार कार्ड मागायला हवं होतं. मागितलं नाही. वयात आलेल्या मुलामुलींच्या तपासणीच्या खोलीत चोवीस वर्षं काढल्यावर एवढं तिला कळत होतं, की अठराच्या आतली पोर दिवस गेलेली आली तर पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा चांगला आहे हो. त्याच कायद्याच्या जोरावर तिनं एका चुलत्याला आणि एका क्लासवाल्याला आत पाठवलं होतं आणि त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली होती. पण अठराला कमी पडणाऱ्या अडीच महिन्यांसाठी या पोराला आत टाकायचं? तिनं एकचा आकडा काढला. आठ काढायला पेन वळलं.

"नाही ताई," समृद्धी म्हणाली. "सतरा वर्षं साडेनऊ महिने."

भावनानं तिला असा काही चिमटा काढला की पोरगी स्टुलावरून उठलीच. "काय गं आई! शबनमताईंना खोटं नाय सांगायचं."

आता या पोरीला काय म्हणायचं! दोन वर्षांपूर्वी शबनम तिच्या शाळेत गेली होती. पाळी, शरीर, मुलगे, सगळं न लाजता बोलली होती आणि शेवटी अख्ख्या वर्गाकडून वदवून घेतलं होतं: नर्सपासून, डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. समृद्धी पहिल्या बाकावर होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

"उरनला काय दवाखानं नायत?" भावनाचा आवाज फुटला. "पन ही ऐकलीच नाय. शबनमतायकडंच जायचं म्हने. ती कुनाला काय सांगत नाय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नव्या डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं. वाईट नव्हती ती बाई, तिचाही चेहरा पडला होता.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मला ऐकू आलं हो."

संपलंच मग. शबनमनं एकच्या पुढे सात काढला.

पोलिसांना कळवावं लागेल, हे तिनंच सांगितलं. शांतपणे सांगितलं, जसं इतकी वर्षं सांगत आली होती. समृद्धीला आधी ते कळलंच नाही.

"पण माझ्यावर कुणी जबरदस्ती नाय केली, ताई."

"माहितेय गं."

"मग कल्पेशला काय करतील?"

"चौकशी करतील."

"नुसती चौकशी?"

शबनम खिडकीकडे वळली. फाटकाजवळ एक पोरगा बाईकच्या सीटवर ओला रुमाल पसरत होता, सीट तापू नये म्हणून. हँडलला शहाळं लटकवलेलं होतं. एकच. तिनं पटकन नजर काढून घेतली.

"ताई." समृद्धीनं तिचा हात धरला, पेनासकट. "ताई, परत विचारा ना मला. वय परत विचारा. आता बरोबर सांगते."

शबनमनं तिला पोटाशी धरलं. असं करायचं नसतं, नर्सनं अंतर ठेवायचं असतं, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. "तुझं काही चुकलं नाही, बाळा," ती म्हणत राहिली. पोरीचं काही चुकलं नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं.

भावनानं पिशवी उचलली. जाता जाता दारात थांबली.

"मी अडानी हाय, बाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तिला वाचवत व्हते."

पोलीस येईपर्यंत मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या. समृद्धी भिंतीकडे तोंड करून हमसत होती. बाकावर आणखी तीनचार मुली नंबर लावून बसल्या होत्या. एकमेकींना काही विचारत नव्हत्या, पण दार काही बंद नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चला, पुढची," शबनमनं हाक मारली. नवीन ओळ आखली. थांबून चालणार नव्हतं.

पुढची आत आली.

"काय होतंय, बाळा?"

"पाळीत पोट दुखतं. गोळी पाहिजे होती."

एवढंच होतं. शबनमनं सुटकेचा श्वास सोडला. नाव लिहिलं, रिया. शाळेचं नाव लिहिलं. पेन पुढच्या रकान्यावर आलं.

"वय?"

शबनमनं मान वर केली. शाळेचा गणवेश, फार तर आठवीतली, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, पाठीवर दप्तर. मुलगी दारातून बाहेरच्या बाकाकडे बघत होती. मग तिनं शबनमकडे पाहिलं, अगदी सरळ डोळ्यांत.

"अठरा पूर्ण," ती म्हणाली.