उघडा दंड

"रक्तात काहीच निघालं नाही, मावशी. पन माह्या मनातून शंका जात नाही," डॉक्टर योगिनी म्हणाल्या. "शेळ्यांची गोचीड चावली होती ना तुमाले?"

"चावली. डाव्या दंडाले. मीच उपटून फेकली."

तापानं भुरीबाईचा जीव मेटाकुटीला आला होता, गुडघे धरले होते. पण मालेगावच्या या दवाखान्यात ती आली होती ती बरं व्हायचंच, या हट्टानं.

"गोचिडाच्या पोटात जंतू असते. त्याच्या अंगावर प्रथिनांचा झगा असते. माणसाच्या अंगात शिरताना तो झगा बदलते, अन् मंग बदलतच राह्यते. शरीर जुन्या झग्यावाल्याले हुडकत बसते. तपासनीत लवकर सापडत नाही तो. पन चावल्याजागी लाल चट्टा उठते. तो दिसला का औषध आताच चालू करता येते. उशीर झाला तं जंतू काळजापर्यंत जाते."

चावल्याची जागा बलियांखाली होती. कोपरापासून खांद्यापर्यंत दाटीनं बसलेल्या त्या पांढऱ्या बांगड्या लग्नात चढवलेल्या. दंड सुजल्यामुळे आता जागच्या हलत नव्हत्या. कापल्याशिवाय इलाज नव्हता. आणि त्यांच्या बंजारा तांड्यात बलिया उतरतात त्या नवरा गेल्यावरच.

"मी जिता असून?" तिच्या नवऱ्याचा, सेवालालचा चेहरा पांढराफटक पडला. बैलाला शिंगं धरून आडवं करणारा गडी, पण तो दोन पावलं मागे सरला.

"मंग मी मरू काय?" भुरीबाई कडाडली. "समोरच्या मोटार रिपेअरिंगवाल्याकडून लोखंड कापाचं हेक्सा ब्लेड आना. अन् तुमीच कापा. दुसऱ्याचा हात लागू देनार नाही."

त्यानं कापल्या. एकेक बलिया टेबलावर पडत होती, त्याचे डोळे वाहत होते, पण हात थांबला नाही. शेवटची निघाली आणि खाली चट्टा दिसला. कडेनं लालभडक, मध्ये फिकट.

"हाच तो!" डॉक्टर योगिनींनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. सेवालाल औषधाच्या दुकानाकडे धावला.

भुरीबाई एकटीच बाहेर आली. बाकावर तांड्यातली गोजराबाई सुईसाठी बसली होती. तिनं उघडा दंड पाहिला आणि ऊर बडवत हंबरडा फोडला, "अवं माय! सेवालाल...!"

"गप वं! त्याइले काय धाड भरली? माह्या गोळ्या आनाले गेले ते."

गोजराबाईनं डोळे पुसले आणि चारचौघांत शोभा नको म्हणून आपली ओढणी काढून तिच्या दंडावर टाकली. भुरीबाईनं ती तशीच परत तिच्या हातात दिली.

"राहू दे. नवरा जिता हाये, हे लय दिवस दाखवलं. आता मी जिती हाव, हे दिसू दे तांड्याले."