पाण्याचा रकाना

"त्र्याऐंशीपैकी त्र्याऐंशी?" प्रोफेसर वामनरावांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "अरे श्रीधर, नागपुरात त्र्याऐंशी घरांचं कधी एका गोष्टीवर एकमत झालंय का?"

श्रीधरचा एम.ए.चा प्रबंध लिहून झाला होता, नुसता बांधायचा राहिला होता. विषय गिरणी कामगारांचं राहणीमान. त्यासाठी एकोणचाळीस सालच्या भर उन्हाळ्यात तो दोन महिने गिरणीमागच्या वस्तीत घरोघर हिंडला होता. 'विहिरीचे पाणी कसे आहे?' या प्रश्नापुढे त्र्याऐंशी घरांनी एकच उत्तर दिलं होतं. चांगले.

वामनरावांनी पान उलटलं. पुढच्या तक्त्यात त्याच घरांतली, तीन वर्षांत हगवणीने गेलेली मुलं होती. एकोणीस. दोन्ही तक्ते श्रीधरनेच सुबक अक्षरात काढले होते. ते शेजारी शेजारी ठेवून बघावेत हे काही त्याला सुचलं नव्हतं. हुशार मुलांचं असं होतं कधी कधी.

आणि गोष्ट नुसत्या प्रबंधाची नव्हती. सोमवारी हे तक्ते म्युनिसिपालटीच्या कमिटीपुढे जायचे होते. यंदा एकाच वस्तीला नळ मिळणार होता. विहिरीचं पाणी चांगलं असलेल्या वस्तीला नळ कोण देतो? वामनराव एवढंच म्हणाले की अजून दोन दिवस हातात आहेत, जा आणि पुन्हा विचार.

श्रीधर तडक निघाला. रस्ता तापला होता आणि त्याचं डोकंही. आपण यांच्यासाठी उन्हातान्हात वणवण करायची आणि यांनी धडधडीत खोटं सांगायचं! गिरणीमालकाला भीत असतील. नाहीतर आपसात ठरवून सांगत असतील. काही का असेना, पण त्याला फार वाईट वाटलं.

वस्ती अस्पृश्यांची होती. श्रीधर धंतोलीतल्या ब्राह्मणाघरचा, खापरपणजोबांपासून कारकुनी करत आलेल्या घरातला. शिवाशीव तो मानत नसे. कॉलेजात त्यावर भाषण ठोकून त्याने टाळ्याही घेतल्या होत्या. वस्तीत तो खुशाल ओट्यावर बसे, पोरांच्या पाठीवर हात ठेवी. पाण्याचं मात्र वेगळं होतं. घरी परतल्यावर आई दारातच विचारी, "तिथं काही घेतलं नाहीस ना?" आणि आईशी खोटं बोलणं त्याला जमत नसे.

त्यामुळे त्याने एक युक्ती काढली होती. कुठल्याही घरी गेलं की आधी घासूनपुसून लख्ख केलेला पितळेचा लोटा समोर यायचा. मग तो म्हणायचा, "आत्ताच पिऊन आलो." घरातली माणसं गप्प व्हायची. ती अवघड वेळ टळावी म्हणून तो लगेच कागद काढायचा आणि लोट्याकडे बोट दाखवून अकरावा प्रश्न पहिलाच विचारून टाकायचा. पाणी कसं आहे इथलं? "चांगलं हाये जी. प्या." तो 'चांगले' एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. त्र्याऐंशी घरी असंच झालं होतं.

मनकर्णाचं घर वस्तीत पहिलंच. ती गिरणीत सूत गुंडाळायची. घरी म्हातारी सासू आणि ती, एवढीच माणसं. तिच्या कागदावर 'मृत मुले' पुढे दोन लिहिलेलं त्याला आठवत होतं. त्याला पाहून ती आत गेली आणि लोटा घेऊन आली.

"पिऊन..." एवढं बोलून तो थांबला. घसा तर सुकला होता. त्याने विचारलं, पाणी कसं आहे?

"चांगलं हाये जी," मनकर्णा म्हणाली. "प्या."

त्याने परत विचारलं, जरा चढ्या आवाजात. खरं सांगा म्हणाला. नळाचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लोटा हातभर त्याच्याकडे सरकवला.

श्रीधर लोट्याकडे पाहत राहिला. पाणी कसं आहे हे कळायचा एक साधा उपाय दोन महिने रोज त्याच्यापुढे येत होता. आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याला भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटते याची लाजही वाटली. त्याने लोटा उचलला.

एक घोट घेतला. पाणी खारट होतं आणि त्याला कुजक्या चिंध्यांसारखा वास येत होता. घोट त्याने गिळला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. मनकर्णा उभी राहून बघत होती. म्हातारी सासूही दारापर्यंत सरकत आली होती.

त्याने लोटा खाली ठेवल्यावर मनकर्णा त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने पदराने डोळे पुसले.

"आता लिहा जी," ती म्हणाली. "पानी खराब हाये. माह्या दोन्ही पोरी ह्याच पान्यानं गेल्या."

श्रीधरने पेन्सिल काढली. जुन्या कागदावरचा 'चांगले' हा शब्द त्याने खोडला. शेवटी न राहवून त्याने विचारलं, मग इतके दिवस सगळ्यांनी चांगलं आहे म्हणून का सांगितलं?

"ते तुमच्या कागदाचं उत्तर नव्हतं जी," मनकर्णा म्हणाली. "आमी तुमाले पानी प्या म्हनून राहिलो होतो."