कार्मिनची हरकत

“हा पोरगा अभ्यास कधी करतो ते एकदा तरी दाखवा,” फ्रेडरिक टीव्हीकडे बघत करवादले. “तीन भाग झाले, नुसता भिजतोय.”

“त्याला प्रेम झालंय हो,” सालोमी टीचर म्हणाल्या.

“प्रेम झालं म्हणून छत्री घ्यायची नाही?”

ब्रिटनी खुदकन हसली. आत स्वयंपाकघरात तिची आई कार्मिन कांदा चिरत होती. सातिवलीच्या गोडाऊनमध्ये दिवसभर उभं राहून खोके पॅक करायचे, घरी येऊन भाकऱ्या बडवायच्या, आणि वर हे ऐकायचं. ‘लायब्ररीच्या मागे’. सगळी वसई या मालिकेपायी वेडी झाली होती. गोडाऊनमधल्या पोरी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्या रेहानबद्दलच बोलायच्या.

आणि त्यात होतं काय? डोळ्यांवर केस आलेला बारावीतला रेहान, त्याच्यासाठी रडणारी मायरा, आणि जिच्या नावाने सगळ्यांनी खडे फोडावेत अशी मायराची आई. मुलीला शीक म्हणते, हा तिचा गुन्हा. कार्मिनला त्या आईचीच दया यायची.

सालोमी टीचर शेजारच्या आळीतल्या. लग्न राहून गेलेलं, शाळेतून निवृत्त झालेल्या. ब्रिटनीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष, इंग्रजी कच्चं, म्हणून संध्याकाळी तासभर शिकवायला यायच्या. साडेसातला पुस्तक मिटायचं आणि मालिका लागायची. टीचरही बसायच्या, आणि फ्रेडरिक तुस्कानोही. कार्मिनचे सासरे, अडुसष्ट वर्षांचे, बारा वर्षांपूर्वी बायको गेलेली. मालिकेला शिव्या घालायच्या, पण खुर्ची सोडायची नाही.

“टीचर, तुम्ही तरी सांगा,” कार्मिन हात पुसत बाहेर आली. “एवढं डोक्यावर घेण्यासारखं आहे काय यात?”

“आम्ही त्या वयात तोंडातून शब्द काढला नाही गं. ही मुलं निदान बोलतात.”

“बोलतात कुठे? कुजबुजतात,” फ्रेडरिक म्हणाले. “मोठ्याने बोलायची हिंमत नाही एकाच्यात.”

“तुमच्यात होती वाटतं?” टीचरनी विचारलं.

फ्रेडरिकनी टीव्हीचा आवाज वाढवला. मालिकेला त्यांनी घातलेल्या शिव्या ऐकून कार्मिनला बरं वाटलं. घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचा आहे.

कारण तिला भीती होती. तिची धाकटी बहीण पिंकी एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून पळाली होती. आता कुठेतरी ब्लाउज शिवून संसार ओढते, आणि त्याचं खापर लोक अजून आईच्या डोक्यावर फोडतात. ब्रिटनी आता एकोणीसचीच. नवरा बोटीवर, सहा महिन्यांनी येणार. पोरीचं काही कमीजास्त झालं तर जाब कार्मिनलाच द्यावा लागणार होता.

गुरुवारी ब्रिटनी आंघोळीला गेली होती. टेबलावरचा तिचा फोन उजळला. कार्मिनने मुद्दाम बघितलं नाही, पण दिसलं. वर नाव होतं ‘रेहान’. खाली मेसेज: ‘फादर हो म्हणाले. रविवारी पहिली घोषणा. तुझ्या मम्मीला अजून सांगू नकोस.’

कार्मिन मटकन खाली बसली.

चर्चमध्ये लग्न लागायचं तर आधी तीन रविवार मिस्साच्या प्रार्थनेत नावं वाचली जातात. कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे यायचं. ब्रिटनी सज्ञान होती, तिला आईची सही लागत नव्हती. कुणा मेल्याला ही रेहान म्हणत होती, देव जाणे.

विचारावं, तर पिंकी विचारल्याच्या दुसऱ्याच दिवशी पळाली होती. म्हणून कार्मिनने तोंड शिवून घेतलं. फक्त शनिवारी सासऱ्यांना गाठलं. ते सदऱ्याला इस्त्री करत बसले होते.

“बाबा, खरं सांगा. ब्रिटनीचं कुठे काही आहे का?”

“ब्रिटनीचं?” त्यांनी इस्त्री उभी ठेवली. “छे गं. ब्रिटनीचं काही नाही.”

“तुम्ही रोज असता तिथे. लक्ष ठेवा हो. मी थकले आता. सगळीकडे माझ्याच्याने नाही बघवत.”

फ्रेडरिकनी सदऱ्याची घडी घातली. मग म्हणाले, “तू फार करतेस कार्मिन. मला दिसतं ते. रविवार होऊ दे, मग बोलू आपण.”

म्हातारा माणूस, त्याला काय कळणार, असं म्हणून ती डाळ निवडायला गेली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ब्रिटनी शेजारी नवा ड्रेस घालून बसली होती, मधूनच गालात हसत होती. प्रवचनातला एक शब्द कार्मिनच्या कानात शिरला नाही. नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. मिस्सा संपत आला. फादर फ्लॉईड कागद घेऊन माईकपाशी आले. आधी दोन जोडप्यांची तिसरी घोषणा झाली. मग त्यांनी चष्मा सारखा केला.

“पहिली घोषणा. आपल्याच आळीतल्या तुस्कानो कुटुंबातून...”

कार्मिन उभी राहिली.

“माझी हरकत आहे, फादर!”

सगळं चर्च वळून बघायला लागलं. ब्रिटनी तिचा हात ओढत होती, “मम्मी, बस ना, मम्मी!” कार्मिनने तो झटकला.

“नाही बसणार! मी मरमर मरते ती यासाठी? त्या फालतू मालिकेने डोकं फिरवलंय. हे वय आहे का लग्नाचं? आधी शिक्षण पुरं होऊ दे, स्वतःच्या पायावर उभं राहू दे, मग कुणाशीही करा म्हणावं!” ती रडायलाच लागली.

फादर फ्लॉईडनी हातातला कागद पुन्हा एकदा नीट वाचला. मग माईकवर हात धरायचं विसरून त्यांनी विचारलं,

“कार्मिन, तुझ्या सासऱ्यांचं आणि सालोमी टीचरचं अजून कसलं शिक्षण राहिलंय?”