अप्पांची डिस्क

"तुमच्यापायी माझं आयुष्य वाया गेलं, अप्पा!" हेमलता बोलून गेली. वडिलांचा चेहरा पडला आणि तेवढ्यात वीज गेली. कपाटावरचा सर्व्हरही बंद पडला आणि अप्पांचे डोळे मिटले.

आजारपणानंतर अप्पांच्या आठवणी त्या सर्व्हरमध्येच राहायच्या. प्रत्येक क्षण आधी लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, डिस्कवर उतरायचा. तिथं काटकसर म्हणून तिनं लॅपटॉपमधली साधी डिस्क बसवून घेतली होती. "वीज गेली की ही शेवटचे क्षण गिळून टाकते, ताई," मेकॅनिकनं तेव्हाच बजावलं होतं.

वीज आली. अप्पांनी डोळे किलकिले केले. "हेमा, काही म्हणत होतीस?"

तिचा जीव भांड्यात पडला. "चहा टाकते म्हणत होते."

आधण ठेवून तिनं मेकॅनिकला फोन लावला. "वीज गेली तरी काही न गिळणारी चांगली डिस्क आजच बसवा, दादा. म्हणजे तरी मी तोंड सांभाळून बोलेन."