वरचा आवाज

बाबांनी केबलची चार टोकं हातात धरली आणि नव्या स्पीकरची पाठ बघितली. जोडायला जागा दोनच.

"चार पाहुणे आणि खुर्च्या दोन," मुलगी म्हणाली.

"मांडीवर बसवू की. घरचेच आहेत."

त्यांनी दोन तांबडी टोकं एकत्र पिळली, दोन काळी एकत्र पिळली. जन्मभर स्टुडिओत बसून त्यांनी लोकांचे आवाज टिपले होते. तार हातात आली की बोटांना अजून वय आठवत नसे.

"ही केबल त्या मोठ्या स्पीकरांची," ते म्हणाले. "त्यांना मागे दोन जोड होते. वरचा बारीक आवाजाला, खालचा जाड आवाजाला. त्या वरच्या जोडाने दोन वर्षं छळलं मला. किती आवळला, तरी बारीक आवाज म्हणून येईना."

"दिलेत ना आता शेजारच्या मास्तरांना."

"दिले, सुटलो. यांच्यात ती भानगडच नाही. वरची तार, खालची तार, दोघी एकाच घरात. एक सुटली तरी दुसरीतून सगळं येणार. आलं तर सगळं, नाही तर काहीच नाही." त्यांनी दुसऱ्या स्पीकरचाही स्क्रू आवळला आणि हात झटकले. "लाव. कॅसेट प्लेअरचं हेड मी सकाळीच पुसलंय, तिथेही काही अडणार नाही."

कॅसेटवर आई होती, बाबांनी तेव्हा स्वतः टिपलेली; शेवटच्या किल्लीपर्यंत त्यांना ती पाठ होती. पाळण्याशी बसून गुणगुणणारी, आणि पोरीला झोप लागावी म्हणून हातातला किल्ल्यांचा जुडगा हळूहळू हलवणारी. ती पोर आता चाळिशीला आली होती. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या किल्ल्या पुन्हा ऐकायला मिळाव्यात म्हणून बाबांनी हे स्पीकर आणले होते.

मुलीने बटण दाबलं. खोलीत आई गुणगुणायला लागली. पाठोपाठ किल्ल्या वाजल्या, थंड पाण्याचे शिंतोडे उडावेत तशा.

बाबा पुढे झुकले. एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. मागे हात घालून पीळ चाचपला. पक्का होता. दुसरा चाचपला. तोही पक्का. हात तिथेच राहिला.

"आलं तर सगळं..." ते पुटपुटले.

मुलगी खिडकीकडे बघत होती.

"किल्ल्या वाजतायत?"

तिने खिडकीचा पडदा उगीच सरळ केला.

"खरं सांग गं. या धंद्यात केस पिकलेत माझे."

"वाजतायत, बाबा."

"त्या मोठ्यांतही वाजत होत्या?"

तिने मान डोलावली.

"तरी तू मला ते देऊ दिलेस?"

"तुम्ही रोज पाना घेऊन बसायचात. रोज म्हणायचात, उद्या येईल आवाज." "तो पाना मी कसा काढून घेऊ तुमच्या हातातून?"

बाबांनी नव्या स्पीकरवरून हात फिरवला. मग भिंतीकडे पाहिलं, तिच्यापलीकडे मास्तरांचं घर होतं.

"बिचारे," ते म्हणाले. "उगीच आळ घेतला मी त्या स्पीकरांवर."

कॅसेट फिरत होती. थोड्या वेळाने त्यांनी तळहात पुढे केला.

"मागे घे. पहिल्यापासून लाव. आणि इथे बस. किल्ली वाजली की सांग मला. तोंडाने नको, तिचं गुणगुणणं मोडेल."

ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्यांच्या तळहातावर बोट टेकवलं. आई गुणगुणू लागली. किल्ली वाजली की बोट उठायचं, टेकायचं. बाबांचे ओठ चालीबरोबर हलत होते.

मग गुणगुणणं खाली खाली गेलं आणि थांबलं. आता कॅसेटवर नुसत्या किल्ल्या होत्या, सावकाश, अंतर ठेवून. बाबांसाठी खोली गप्प झाली होती. ते फक्त बोटाकडे बघत होते. बोट टेकलं. एका मोठ्या श्वासाएवढा वेळ गेला. बोट टेकलं.

किल्ल्याही थांबल्या. टेपची बारीक सरसर तेवढी राहिली.

मुलीचं बोट थांबलं नाही. एकदा टेकलं. आणखी एकदा.

बाबांनी मूठ मिटली. बोट आतच राहिलं.

"इथे ठेवल्या तिने किल्ल्या," ते हळूच म्हणाले. "झोपलीस तू."