प्रतिवादी हजर

"कोल्हापूरला दावा लावायचा न्हाय," राजमतीआक्का म्हणाल्या. "तिला इथं, निपाणीलाच यायला लागलं पाहिजे."

वकील निशाने बिलं पुन्हा चाळली. आक्कांच्या कारखान्यातून गुळाचे खोके कोल्हापूरच्या एका दुकानाला गेले होते. वर्षभराची बिलं थकली होती. बिलावर निपाणीचं न्यायक्षेत्र छापलेलं होतं, त्यामुळे दावा इथं बसत होता. पण निकाल लागल्यावर वसुलीसाठी पुन्हा महाराष्ट्रातच जावं लागलं असतं.

"आक्का, आधी एक फोन करून बघा. तेजस्वी देसाई म्हणून मालकीण आहेत."

"फोन करायचा न्हाय. कोर्टानंच बोलवू दे. तिला स्वतःला यावं लागंल न्हवं?"

"वकील पाठवला तरी चालतं."

आक्कांचा चेहरा उतरला. बाई भलत्याच कडक आहेत, असं निशाला वाटलं. बेळगावहून येऊन तिला निपाणीत फार दिवस झाले नव्हते.

तेजस्वीने वकील दिला नाही. ती स्वतः आली, आणि दर तारखेला येत राहिली. गरज नसताना आक्काही येत. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत.

पुढे तेजस्वीचं पोट दिसू लागलं. त्या तारखेला आक्कांनी पिशवीतून डबा काढून निशाच्या हातात दिला.

"तिला दे. एसटीनं आलीय, उपाशी असंल. माझं नाव सांगू नको."

पैसे बुडवणाऱ्या बाईची एवढी काळजी. निशाला आपल्या अशिलाचं कौतुक वाटलं. आज हे मिटवूनच टाकायचं असं ठरवून ती व्हरांड्यात गेली.

तेजस्वीने डबा उघडला. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग सावकाश खाऊ लागली.

"पैशाची अडचण आहे का?" निशाने विचारलं. "हप्ते पाडून घेऊ. आक्का ऐकतील."

"न्हाय. पैसे हैत. बँकेत बाजूलाच ठेवल्यात."

"मग आजच भरा की. मी दावा मागे घेते. अशा दिवसांत एवढ्या लांब खेपा नकोत."

तेजस्वीने रुमालाला हात पुसले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तुम्ही पुढची तारीख तेवढी घ्या, वकीलबाई," ती म्हणाली. "माझ्या मनानं लगीन करून गेले तवापासनं आईनं मला बोलवलंय ते ह्या समन्सनंच."